पन्नास डॉलरचं तिकीट आणि सेसना १७२: एका रॅफलचं पूर्ण प्रकरण

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री मित्राचा फोन आला, "भाऊ, सेसना १७२ विमान आहे, रॅफलमध्ये लावलंय, पन्नास डॉलरला तिकीट, घेऊ का?" रॅफल म्हणजे तिकिटं विकून सोडतीत बक्षीस द्यायचं. मी जेवत होतो, फार विचार न करता म्हणालो, घे की, पन्नास डॉलर तर आहेत, चॅरिटीलाच जातायत. हे मी चुकीचं सांगितलं. का चुकीचं ते पुढे दोन आठवडे आम्ही दोघांनी बसून जे काही शोधलं त्यातून कळलं, आणि ते सगळं इथे लिहून ठेवतोय कारण अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच लोकांना अशी तिकिटं दिसतात आणि तिकडे महाराष्ट्रातले भाऊबंद पण "माझ्या नावाचं एक घे" म्हणतात.

आधी माणूस सांगतो. मित्र धुळ्याचा, गोंदूरच्या धावपट्टीवर ट्रेनिंगची विमानं उतरायची-चढायची ती बघायला शाळा सुटल्यावर सायकल काढून कुंपणाबाहेर उभा राहणारा पोरगा. घरची परिस्थिती पायलट व्हायची नव्हती, इंजिनिअर झाला, आयटीत आला, आता ओहायोत डेटनजवळ राहतो. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव, १९०४ आणि १९०५ ला ते दोघं जिथे विमान वळवायला शिकले ते हफमन प्रेअरीचं मैदान त्याच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे आणि हा पठ्ठ्या पाहुणे आले की आधी तिथे नेतो, मॉल नंतर. एच-१बी वर नऊ वर्षं झालेली, ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागलेला पण भारतीयांची रांग कशी चालते ते सगळ्यांना माहितीये. बायको पण नोकरी करते, मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिचा जन्म इथलाच. माझ्याकडे २०१५ पासून प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे आणि मी तिघांबरोबर एका जुन्या विमानात भागीदार आहे, म्हणून असल्या गोष्टी तो मला विचारतो.

रॅफल एका छोट्या संस्थेचं होतं, नाव घेत नाही. एका म्हाताऱ्या पायलटनं आपलं विमान त्यांना दान केलं होतं, १९७८ चं १७२एन. संस्थेनं किंमत धरली होती ८५,००० डॉलर, तिकिटं जास्तीत जास्त ४,०००, आणि सोडत सप्टेंबरमध्ये. आता विमान सरळ विकलं असतं तर संस्थेला ८५,००० आले असते, सगळी तिकिटं गेली तर दोन लाख येतात, म्हणून तर रॅफल. यात काही गैर नाही, उलट मला हे आवडतं, कारण ज्याला विमानाचं वेड आहे पण विकत घेणं शक्य नाही असा माणूस सुद्धा यात पैसे टाकतो आणि ते पैसे कामाला लागतात.

सेसना १७२ का म्हणाल तर जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान तेच. १९५५ ला पहिल्यांदा उडालं, १९५६ पासून विकायला आलं, आत्तापर्यंत ४४,००० च्या वर बनलीत. चार सीट, वर पंख, एक इंजिन, निम्मी दुनिया त्याच्यावरच उडायला शिकली. म्हणजे बक्षीस म्हणून ते शोभेचं नाही, खरंच वापरता येण्यासारखं आहे, आणि म्हणूनच मोह पण खरा असतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं चहा ठेवता ठेवता एकच वाक्य टाकलं, "अहो, पन्नास डॉलरचं राहू द्या, लागलं तर पुढे काय करायचं ते आधी सांगा." आम्ही दोघं गप्प. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात नेमका प्रश्न तिनंच विचारला, आम्ही फक्त उत्तरं शोधली.

तर नियमांचं पान काढलं आणि वाचायला बसलो, पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात तीन कलमं महत्त्वाची निघाली. एक, किमान २,००० तिकिटं विकली गेली नाहीत तर विमान द्यायचं नाही, जमलेल्या पैशातले अर्धे विजेत्याला. हे कलम असल्या रॅफलमध्ये बऱ्याचदा असतं आणि लोक वाचतच नाहीत, मग विमान न मिळाल्यावर फसवलं म्हणून ओरडतात. दोन, विमान नको असेल तर ४५,००० डॉलर रोख. तीन, सगळे टॅक्स, ट्रान्सफर, विमान घेऊन जायचा खर्च विजेत्याचा, आणि साठ दिवसांत ताबा घ्यायचा.

चान्सचं गणित पाच मिनिटांत झालं. ४,००० तिकिटांत एक म्हणजे एका तिकिटाच्या वाट्याला येणारं विमान २१ डॉलर २५ सेंटचं, टॅक्स धरला तर त्याहून कमी. पन्नास देऊन एकवीसची वस्तू. म्हणजे उरलेले पैसे देणगी समजूनच द्यायचे, कमाईचा हिशोब इथे लावूच नये. पण मग मित्र म्हणाला देणगीच आहे तर टॅक्समध्ये वजावट मिळेल ना. नाही मिळत. रॅफलचं तिकीट आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, दृष्टीनं देणगी नाहीच, संस्था कितीही नोंदणीकृत असू दे, कारण त्या पैशाच्या बदल्यात तुम्हाला जिंकायची संधी मिळालीय.

आता टॅक्स. आपल्याकडे लकी ड्रॉमध्ये कार लागते तेव्हा काय होतं ते बऱ्याच जणांनी पाहिलंय, भारतात लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के आणि बक्षीस वस्तूचं असेल तर टॅक्स भरल्याची खात्री केल्याशिवाय आयोजकानं वस्तू हातात द्यायचीच नाही. अमेरिकेतही तसंच आहे, आकडे वेगळे. रॅफलमधली जिंकलेली रक्कम तिकिटाची किंमत वजा जाऊन ५,००० डॉलरच्या वर गेली की संस्थेला २४ टक्के आयआरएसकडे भरावेच लागतात. रोख बक्षीस असतं तर त्यातून कापले असते, विमानाच्या बाबतीत ते पैसे विजेत्यानं आधी संस्थेकडे आणून द्यायचे, मग चावी. ८५,००० वजा ५० म्हणजे ८४,९५०, त्याचे २४ टक्के २०,३८८ डॉलर. वर ओहायोचा राज्याचा इन्कम टॅक्स आणि शहराचा वेगळा, तो धरून अजून पाचेक हजार. एकूण पंचवीस हजार डॉलर रोख, त्यातले वीस हजारांच्या वर तर साठ दिवसांतच, आणि हे विमान एकदाही न उडवता. मी आकडा कागदावर लिहिला आणि मित्राच्या बायकोनं तो कागद आपल्याकडे ओढून घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, संस्थेनं धरलेली किंमत म्हणजे दगडावरची रेघ नसते. विमानाची खरी हालत बघून कोणा मूल्यांकन करणाऱ्याकडून कमी किंमत लिहून घेतली तर रिटर्नमध्ये तशी बाजू मांडता येते, पण कागद भक्कम लागतो आणि सुरुवातीचे २४ टक्के तर संस्थेच्या आकड्यावरच जातात. त्यामुळे विमान बघायलाच पाहिजे होतं.

रविवारी बघायला गेलो. जवळच्याच एका छोट्या एअरपोर्टवर हँगरच्या बाहेर उभं केलं होतं, पांढरं, त्यावर तपकिरी आणि केशरी पट्टा, सत्तरच्या दशकातले असतात तसे. मित्र त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि मग पंखाखाली उभा राहून वर बघत राहिला, टाकीच्या ड्रेनमधून काढलेल्या निळ्या पेट्रोलचा वास येत होता, त्याचा चेहरा बघून मला क्षणभर वाटलं की जाऊ दे ते गणित. पण मी खाली वाकून पोट बघितलं, ऑइलचा काळा ओघळ मागपर्यंत गेलेला, तो जुन्या विमानाला असतोच थोडा. मग दार उघडून पायलटची सीट पुढे-मागे सरकवली आणि तिथे थांबलो. सेसनाची सीट दोन रुळांवर सरकते, रुळाला भोकं असतात आणि सीटची पिन त्या भोकात बसून सीट लॉक होते. या विमानात डाव्या रुळाची दोन-तीन भोकं झिजून लांबट झाली होती, पिन बसल्यासारखी वाटायची पण हलवलं की खडखडायची. हे बारीक वाटतं पण हे जिवावरचं आहे, टेकऑफला नाक वर गेलं आणि त्याच क्षणी सीट मागे घसरली तर माणूस आधारासाठी हातातलं योकच, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, ओढतो, नाक अजून वर जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत, असे अपघात झालेत, म्हणून या रुळांवर एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, एडी आहे, म्हणजे सक्तीचा तपासणीचा आदेश, ठरलेल्या मुदतीत रूळ तपासायचे आणि झिजलेले असतील तर बदलायचे. तिथे उभ्या असलेल्या संस्थेच्या माणसाला दाखवलं, त्यानं मोकळेपणानं मान्य केलं की पुढच्या ॲन्युअलला, म्हणजे वार्षिक तपासणीला, करायचं आहे, विजेत्याला सांगू.

लॉगबुकं बघायला दिली त्यांनी, ही चांगली खूण, जे दाखवत नाहीत त्यांच्या वाटेला जाऊ नये. इंजिन शेवटच्या ओव्हरहॉलपासून, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त केल्यापासून, १,७५० तास चाललेलं. या इंजिनाचा कंपनीनं सांगितलेला आकडा २,००० तासांचा. खाजगी वापरात २,००० झाले म्हणून इंजिन उतरवायची सक्ती नाही, नीट चालत असेल तर पुढेही चालवतात, पण ओव्हरहॉलचा खर्च दारात येऊन उभा आहे हे धरूनच चालायचं. त्यात १७२एनचं हे इंजिन कॅम आणि लिफ्टर हे आतले भाग झिजण्यासाठी पायलट लोकांत माहितीचं आहे, मुख्यतः विमान नुसतं उभं राहिलं की. आणि हे दोन वर्षं उभंच होतं. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकनं ओव्हरहॉलचा अंदाज सांगितला तीस ते पस्तीस हजार.

दर वर्षाचा खर्च मी माझ्या भागीदारीच्या वहीतून सांगितला. हँगर महिन्याला ३०० म्हणजे वर्षाला ३,६००, नवशिक्या पायलटचा इन्शुरन्स दोन हजारांच्या वर, दर बारा महिन्यांची ॲन्युअल तपासणी काही मोठं निघालं नाही तर अडीच हजार, पेट्रोल तासाला साडेआठ गॅलन, वर्षाला पन्नास तास उडवलं तर अजून अडीच हजार. दहा-अकरा हजार डॉलर वर्षाला, इंजिनासाठी बाजूला टाकायचे पैसे वेगळे. मित्र म्हणाला कर्ज काढू, थोडं थोडं फेडू. त्याचं मन पूर्ण विमानात गेलं होतं आणि मला त्याला थांबवायचं पण नव्हतं.

पण मग ती गोष्ट निघाली जी मला सुद्धा माहीत नव्हती, म्हणजे माहीत होती पण कधी त्याच्या बाजूनं विचार केला नव्हता. त्याला दाखवायला म्हणून मी आमच्या भागीदारीच्या विमानाचा रजिस्ट्रेशनचा फॉर्म काढला. फी तेव्हा फक्त पाच डॉलर, फॉर्म एका पानाचा, त्यात चौकटी असतात, मालक अमेरिकन नागरिक आहे का, की कायमचा रहिवासी आहे आणि असेल तर त्याचा नंबर लिहा, की अमेरिकेत नोंदलेली परदेशी मालकीची कंपनी. मी माझ्या वेळेला ग्रीन कार्डचा नंबर लिहून मोकळा झालो होतो. मित्रानं फॉर्म हातात घेतला, चौकटी वाचल्या, परत वाचल्या आणि विचारलं, "माझी कुठली?" त्याची कुठलीच नव्हती. एच-१बी वर माणूस इथे घर घेतो, गाडी घेतो, टॅक्स भरतो, पण एन-नंबरचं, म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं, विमान स्वतःच्या नावावर करू शकत नाही. एफएएच्या नियमात मालक नागरिक किंवा ग्रीन कार्डवालाच लागतो. विमान उडवायला शिकता येतं, लायसन्स मिळतं, त्याला नागरिकत्वाची अट नाही, फक्त परदेशी माणसाला ट्रेनिंग सुरू करायच्या आधी टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची सुरक्षा तपासणी पार करावी लागते. पण मालकी नाही. नऊ वर्षं इथे राहिलेल्या माणसाच्या तोंडाकडे मला त्या क्षणी बघवलं नाही.

वाटा आहेत. एक म्हणजे ट्रस्ट, अमेरिकन नागरिक किंवा संस्था ट्रस्टी म्हणून कागदावर मालक होते आणि तुम्ही लाभार्थी, पण ट्रस्टीच्या अधिकारांवर परदेशी लोकांचा मिळून २५ टक्क्यांपेक्षा जास्त ताबा चालत नाही, म्हणजे आपलंच विमान आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा. आम्ही एका ठिकाणी विचारलं, सुरुवातीचे आणि पहिल्या वर्षाचे मिळून दोन-अडीच हजार सांगितले, पुढे दर वर्षी आहेच. दुसरी वाट कंपनी काढून तिच्या नावावर, मग विमानाच्या एकूण तासांपैकी किमान ६० टक्के अमेरिकेत उडाले पाहिजेत आणि त्याच्या नोंदी ठेवून एफएएला कळवत राहायचं. मुलगी नागरिक आहे, तिच्या नावावर करू का असंही तो म्हणाला, पण आठ वर्षांच्या पोरीच्या नावावर करार, इन्शुरन्स, विक्री सगळंच अडतं, तो विषय त्याच्या बायकोनं तिथेच बंद केला आणि बरोबर केलं.

मला या संस्थेबद्दल राग नाही पण हे म्हणायलाच पाहिजे की नियमांच्या पानावर टॅक्सबद्दल चार ओळी होत्या आणि रजिस्ट्रेशन कोणाच्या नावावर होऊ शकतं याबद्दल एक शब्द नव्हता. डेटन, कोलंबससारख्या ठिकाणी जिथे आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे तिथे ही एक ओळ घालायला काय हरकत होती. आम्ही त्यांना ईमेल केला आणि पुढच्या छापील पत्रकात त्यांनी ती ओळ घातली, हे त्यांच्या बाजूनं सांगतो.

याच दरम्यान नाशिकहून त्याच्या मावसभावाचा मेसेज, दादा माझ्या नावाची दोन घे, की मीच इथून कार्डानं भरू? हे इथे थोडं थांबून वाचा. भारतातून परदेशी लॉटरीची किंवा स्वीपस्टेकची, म्हणजे बक्षिसाच्या सोडतीची, तिकिटं घ्यायला पैसे पाठवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत सरळ मनाई असलेल्या यादीत आहे, रक्कम कितीही छोटी असू दे, कार्डानं असू दे की कसंही. आणि मित्रानं आपल्या पैशानं घेऊन भावाचं नाव घातलं तरी विजेता तोच ज्याचं नाव तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर आहे, मग टॅक्स, कागद, रजिस्ट्रेशन सगळं नाशिकच्या माणसाच्या नावानं अमेरिकेत. त्याला नाही सांगितलं, थोडा रुसला.

अमेरिकेत पण सगळीकडे सारखं नाही. ओहायोत चॅरिटीला रॅफल घेता येतं, पण युटा आणि हवाईत रॅफलच बंद आहे, कॅलिफोर्नियात चालतं पण गोळा झालेल्या पैशातले ९० टक्के चॅरिटीच्याच कामाला गेले पाहिजेत. आणि पायलटांची मोठी संघटना आहे ना एओपीए, १९३९ पासूनची, ती मेंबर लोकांना विमान देते, २००६ च्या सोडतीत चेरोकी सिक्स होतं, ते रॅफल नाही, स्वीपस्टेक, त्यात पैसे न देता पण भाग घेता आलाच पाहिजे, नाहीतर ती लॉटरी ठरते. टॅक्स मात्र दोन्हीकडे लागतोच.

शेवटी ठरलं काय. त्या तिघांनी, हो मुलगी पण बसली होती, कागदावर लिहिलं: एकच तिकीट घ्यायचं. लागलं तर विमान घ्यायचं नाही, ४५,००० रोख घ्यायचे. त्यातून टॅक्स जाऊन तीसेक हजार उरतात, त्यातले पाच हजार संस्थेला परत आणि बाकीच्यातून त्याचं फ्लाइट ट्रेनिंग. शिवाय १५० डॉलर संस्थेला सरळ देणगी, तिची पावती मिळते. कागद फ्रिजवर चिकटवला. मला विचारलं तर मी रोखच्या बाजूनं होतोच, पण हे तिकीट घ्यायच्या आधी ठरलं याचं मला जास्त समाधान आहे, कारण लागल्यावर त्या पंखाखाली उभा राहून तो काय बोलला असता ते मला माहितीये.

सोडत एका शनिवारी सकाळी पॅनकेक ब्रेकफास्टला झाली. तिकिटांचे तुकडे जाळीच्या मोठ्या पिंपात, एका शाळकरी मुलीनं हात घालून काढला. आमचा नंबर नव्हता. २,९०० च्या आसपास तिकिटं गेली होती असं त्यांनी माइकवरून सांगितलं. विजेता हजर नव्हता, फोन लावला तर उचलला नाही.

मित्रानं घरी जाऊन कागद काढला नाही. टीएसएची तपासणी त्यानं त्याच हिवाळ्यात पूर्ण केली आणि एका फ्लाइंग क्लबात भाड्याच्या १७२ वर शिकायला लागला, महिन्याला जमेल तेवढेच तास. लायसन्सला कायद्यानं किमान ४० तास लागतात, प्रत्यक्षात बहुतेकांना साठ-सत्तर, याला तर त्याच्या वेगानं दोन वर्षं लागतील असं मीच सांगितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी एका दुसऱ्या एअरपोर्टवर पेट्रोलसाठी उतरलो तर समोर तोच तपकिरी-केशरी पट्टा. एक वयस्कर शेतकरी गृहस्थ पुढची काच पुसत होते. बोललो. टॅक्ससाठी त्यांनी घरावर कर्ज काढलं होतं, अजून फेडतायत, इंजिन चालू आहे पण ऑइल जरा जास्त खातं म्हणाले. मी विचारलं, सीटचे रूळ? ते दार उघडून बाजूला झाले. मी सीट मागे-पुढे करून पिन बसवली आणि जोरात हलवून बघितली. नवे रूळ होते, जागची हलली नाही. मोबाइलवर फोटो काढून मित्राला पाठवला, त्याचं लगेच उत्तर आलं, "बदलले ना? बरं झालं. आज माझा पहिला सोलो आहे, एकट्यानं उडवायचं, वारा कमी झाला तर."